चित्रपटांतील शिव्या आणि अवमानकारक शब्द: निवड करताना निकष कोणता लावावा?

कृष्णधवल

आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही काही जण मिळून एक छोटे चित्रपट मंडळ चालवतो. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात एखादा चित्रपट दाखवायचा आणि तो संपल्यावर त्याबद्दल बोलायचे, एवढाच उपक्रम आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, गृहिणी, महाविद्यालयातील मुले-मुली असे सर्व वयाचे लोक येतात. अलीकडे चित्रपट निवडताना भाषेवरून वारंवार मतभेद होऊ लागले आहेत आणि ते केवळ आवडीनिवडीचे आहेत असे मला वाटत नाही.

'ओंकारा' (२००६) दाखवावा अशी सूचना आली तेव्हा ज्येष्ठ सदस्यांनी एकमुखाने विरोध केला. सुनेच्या किंवा नातीच्या शेजारी बसून आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्या ऐकवत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते आणि मला ते समजते. तरुण सदस्यांना मात्र या आक्षेपाचेच आश्चर्य वाटले, कारण मोबाइलवर मालिका पाहत वाढलेल्या या मुलांच्या कानांना त्या शिव्या वेगळ्या अशा जाणवतच नाहीत. अखेर तडजोड म्हणून आम्ही ऐंशीच्या दशकातील एक लोकप्रिय विनोदी चित्रपट दाखवला. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न त्या एका चित्रपटाचा नाही. त्यात एकही शिवी नव्हती. परंतु तोतरे बोलणाऱ्या नोकराची नक्कल, सावळ्या मुलीच्या रंगावरून केलेले विनोद आणि बायकी चालीच्या एका पात्राची दर पाच मिनिटांनी होणारी टिंगल पाहून पुढच्या रांगांतील ज्येष्ठ मंडळी मोकळेपणाने हसत होती, तर मागे बसलेली मुले गप्प होत गेली. चर्चेच्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारले की हा चित्रपट 'यू' प्रमाणपत्राचा, म्हणजे लहान मुलांनाही दाखवण्याजोगा ठरतो आणि 'ओंकारा' मात्र फक्त प्रौढांसाठी, हे कोणत्या न्यायाने? तिला द्यायला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते.

तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. आक्षेपार्ह भाषा कशाला म्हणावे याची समाजाची समज खरोखरच बदलली आहे, की हा फक्त दोन पिढ्यांच्या सवयींतला फरक आहे? आणि निवड करताना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर विसंबून राहावे, की मंडळाने स्वतःचा काही निकष ठरवावा?

न्यायवाचक

आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. ही समज बदलली आहे याचा लेखी पुरावा न्यायालयांच्या निकालांत सापडतो, म्हणून त्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

शिव्यांबाबतचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे 'बँडिट क्वीन'वरील सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ सालचा निकाल. नग्नता आणि बलात्काराच्या दृश्यांबरोबर त्या चित्रपटातील शिव्यांवरही आक्षेप होता. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की शहरांत आणि खेड्यांत रस्त्यावर रोज कानी पडणाऱ्या काही शिव्यांचा फार बाऊ करण्याचे कारण नाही, आणि चित्रपटात ऐकल्या म्हणून कोणा प्रौढाला त्या वापरण्याचा मोह होईल असे नाही. तरीही चित्रपट परीक्षण मंडळाची, म्हणजे सेन्सॉर बोर्डाची, मानसिकता त्यानंतर कितीतरी वर्षे शब्द मोजण्याचीच राहिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये तर मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी वर्ज्य शब्दांची एक यादीच काढली होती. मंडळातील सदस्यांनीच नाराजी व्यक्त केल्यावर ती बाजूला ठेवावी लागली. पुढच्याच वर्षी 'उडता पंजाब'च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एका दृश्याखेरीज बाकी कपातींचा आग्रह अमान्य केला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २०२४ या एकाच वर्षात सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले आणि ते शेजारी ठेवून वाचले तर बदलाची दिशा स्पष्ट दिसते. पहिला मार्चमधला, 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेविषयीचा. तिच्यातील भाषा इतकी असभ्य आहे की ती आपल्या दालनात इअरफोन लावून ऐकावी लागली, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आदल्या वर्षी नमूद केले होते आणि गुन्हा नोंदवण्याचा आदेश कायम ठेवला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. शिवीचा शब्दशः अर्थ लैंगिक असला तरी बोलणारा ती राग, वैताग किंवा निराशा व्यक्त करण्यासाठी वापरतो, ऐकणाऱ्याच्या मनात तिने कामुक विचार येत नाहीत, आणि म्हणून असभ्य असणे व कायद्याच्या अर्थाने अश्लील असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यामागची भूमिका होती.

दुसरा निकाल त्याच वर्षीच्या जुलैमधला, 'आँख मिचोली' या चित्रपटातील दिव्यांग व्यक्तींच्या चित्रणाविषयीचा. निपुण मल्होत्रा यांच्या या याचिकेत न्यायालयाने चित्रपटातील काही कापायला सांगितले नाही. मात्र दिव्यांग व्यक्तींविषयी हिणवणारे शब्द त्यांची समाजातील प्रतिमा खालावतात आणि भेदभावाला खतपाणी घालतात असे स्पष्ट सांगून पडद्यावरील चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दिव्यांगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि त्या व्यक्तीलाच तुच्छ लेखणारा विनोद यांत फरक केला पाहिजे, असेही न्यायालय म्हणाले. आपल्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या मुलांना जे जाणवले ते हेच.

यातली खरी खंत अशी की हा नियम मुळात नवा नाही. केंद्र सरकारच्या ६ डिसेंबर १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्यांची टवाळी, स्त्रियांची मानहानी आणि कोणत्याही समूहाविषयी तुच्छता दर्शवणारे शब्द टाळण्याची तरतूद स्पष्टपणे आहे. म्हणजे तरतूद होती, फक्त तिच्याकडे लक्ष जात नव्हते, कारण परीक्षकांचे सगळे ध्यान शिव्यांकडे लागलेले असे.

ध्वनिपट

मी मुंबईत ध्वनिसंकलनाचे काम करतो. परीक्षण मंडळाच्या सूचनांनुसार शब्द काढणे किंवा बदलणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे 'शिवी सापडते आणि टिंगल निसटते' असे का होते ते मी कामाच्या बाजूने सांगू शकेन.

परीक्षण समितीकडून येणाऱ्या पत्रात रीळ किंवा वेळ आणि काढायचा शब्द दिलेला असतो. तिथे आवाज बंद करायचा, 'बीप' घालायचा किंवा दुसरा शब्द बसवायचा, असे तीनच मार्ग असतात. पात्र पाठमोरे असेल तर काम सोपे असते. चेहरा समोर असेल तर नवा शब्द ओठांच्या हालचालीशी जुळावा लागतो. प, ब, म उच्चारताना ओठ मिटतात, म्हणून मूळ शब्दात ज्या ठिकाणी ओठ मिटले आहेत तिथेच ते मिटतील असा शब्द शोधण्यात लेखक, नट आणि आम्ही कधीकधी अख्खी दुपार घालवतो. चित्रीकरणाच्या जागीच संवाद ध्वनिमुद्रित केलेले असतील तर आणखी एक अडचण येते. शब्दाबरोबर मागचा पंखा, रस्त्यावरची रहदारी, पक्ष्यांचे आवाज सगळेच बंद होतात आणि क्षणभर कानाला खड्डा पडल्यासारखे वाटते. मग त्याच जागेचा शांत आवाज शोधून तो तिथे भरावा लागतो. एवढे करूनही प्रेक्षक ओठ वाचतो आणि गाळलेला शब्द मनातल्या मनात म्हणतो. 'बीप' असेल तर तो शब्द अधिकच ठळक होतो, असा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या चित्रपटातील तोतऱ्या नोकराकडे पाहा. त्याच्या बाबतीत कोणता शब्द काढणार? अपमान एका शब्दात नसतोच. तो नटाच्या तोंडच्या लकबीत, समोरच्या पात्राच्या हसण्यात, लगेच वाजणाऱ्या गमतीशीर संगीतात आणि संकलकाने ज्याच्या चेहऱ्यावर कट दिला आहे त्या नायकाच्या नजरेत वाटला गेलेला असतो. शब्दांच्या यादीने असे दृश्य कधीच पकडता येणार नाही. ते पकडायला कोणाला तरी ते दृश्य पाहून दुःख व्हावे लागते, आणि परीक्षणाच्या खोलीत तसा माणूस बसलेला असण्याची शक्यता आजवर फार कमी होती.

दूरचित्रवाणीमुळेही बराच घोळ झाला आहे. 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचा चित्रपट वाहिनीवर दाखवता येत नाही, म्हणून निर्माते शिव्या गाळलेली आवृत्ती करून 'यूए' मिळवतात. घराघरांत पोहोचते ती हीच आवृत्ती. त्यामुळे शिवी गेली म्हणजे चित्रपट कुटुंबासाठी योग्य झाला, असे आपण नकळत मानू लागलो. त्याच चित्रपटातील नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिला नकोसे वाटेल असे बोलतो, आणि ते जसेच्या तसे राहते.

सोनकी

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून बरेच शिकायला मिळाले, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे आणि ते आग्रहाने मांडावेसे वाटते.

शिव्या रस्त्यावर रोज ऐकू येतात, त्यांनी राग व्यक्त होतो, त्यांत कामुक काही नसते, हे सर्व कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. गुन्हा नोंदवू नये, हेही मला मान्य आहे. परंतु भांडण दोन पुरुषांचे असते आणि त्यात अब्रू जाते ती तिथे हजरही नसलेल्या कोणाच्या तरी आईची किंवा बहिणीची. मराठी असो वा हिंदी, आपल्या बहुतेक शिव्यांची रचनाच अशी आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत 'वास्तववादी' म्हणवणाऱ्या चित्रपटांत आणि मालिकांत या शिव्यांचा जो मारा सुरू झाला, त्याला आपण कलेचे स्वातंत्र्य म्हणून निमूटपणे मान्यता दिली. स्त्री-पात्रे शिव्या देऊ लागली तेव्हा ते मुक्तीचे लक्षण मानले गेले, पण त्या पात्रांच्या तोंडीही शिवी आईवरूनच असते. म्हणून तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप केवळ जुन्या वळणाचा संकोच म्हणून बाजूला सारू नका. नातीच्या शेजारी बसून तो शब्द ऐकताना त्यांना जी लाज वाटते, तिच्यात नातीविषयीचा आदरही आहे.

समाज या बाबतीत केवळ सैल होत चालला आहे असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव करून आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. सर्वोच्च न्यायालय शिव्यांना अश्लीलतेच्या कक्षेतून बाहेर काढत होते, त्याच वर्षी एका मराठी गावाने त्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेविरुद्ध आहेत असे ठरवले. मला यात विरोध दिसत नाही. न्यायालयाने राज्यसत्तेचा हात आवरला, गावाने आपल्या वागण्याचा नियम केला. चित्रपटकारांनीही दंडाची वाट न पाहता स्वतःला विचारावे की या प्रसंगी ही शिवी पात्राच्या पोटातून आली आहे, की संवाद लिहायचा कंटाळा आला म्हणून.

बोरबाभूळ

आतापर्यंतच्या चर्चेत जातीचा उल्लेख आलेला नाही आणि महाराष्ट्रात या विषयावर बोलताना तो टाळून चालणार नाही.

'सभ्य' आणि 'असभ्य' भाषा कोणी ठरवायची हा वाद मराठीत सत्तरच्या दशकाच्या आरंभीच झाला. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तील शब्दांनी अनेकांना धक्का बसला होता. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला तर प्रयोगांसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. तेव्हा ज्यांचे कान दुखावले त्यांना पांढरपेशा वस्तीबाहेरची भाषा ऐकायची सवय नव्हती, हे आज मान्य केले जाते. परंतु त्याच काळात जातीवाचक टोमणे असलेल्या म्हणी, विनोद आणि संवाद चित्रपटांतून बिनदिक्कत चालत होते, कारण ज्यांना ते लागत होते त्यांचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचत नव्हता. पुढे तो पोहोचू लागला. २००७ साली 'आजा नचले'च्या गाण्यातील एका जातीविषयक ओळीवर उत्तर प्रदेश सरकारने चित्रपटावरच बंदी घातली, तेव्हा निर्मात्यांनी क्षमा मागून ती ओळ काढली. त्याआधी अशा ओळी कोणाच्या लक्षातही येत नसत.

मात्र या जाणिवेचा उलटा उपयोगही होऊ शकतो आणि तो मला अधिक धोकादायक वाटतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, महात्मा फुल्यांवरील हिंदी चित्रपटाच्या वेळी काय झाले ते आठवा. ११ एप्रिलला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, तो प्रदर्शित व्हायचा होता. महाराष्ट्रातील काही संघटनांनी आक्षेप घेतला. परीक्षण मंडळाने सुचवलेल्या बदलांत 'महार', 'मांग', 'पेशवाई' यांसारखे शब्द काढण्याची सूचना होती, आणि चित्रपट २५ एप्रिलला लागला. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीने जे शब्द स्वतःच्या हाताने लिहिले, ते आज तिच्या गुरूंवरील चित्रपटात उच्चारू नयेत, असे म्हणण्याने नेमका कोणाचा सन्मान राखला जातो? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे नाव पुसले की अन्याय करणाऱ्याचेही नाव आपोआप पुसले जाते.

'फँड्री' पाहिला असेल तर तुम्हाला आठवेल. गाव आणि शाळेतील मुले बघत असताना जब्याच्या घरचे डुकरामागे धावत असतात आणि बघणारे त्यांना चिडवत असतात. ते चिडवणे ऐकताना कानांना फार त्रास होतो. तो आवाज बंद केला असता तर शेवटी प्रेक्षकाच्या दिशेने आलेल्या त्या दगडाला काही अर्थच उरला नसता. म्हणून माझा निकष साधा आहे. अपमान होत असताना कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे, ते पाहावे. हिणवणाऱ्याच्या खांद्यावरून पाहत असेल तर सर्वांत सौम्य शब्दही आक्षेपार्ह ठरतो.

सोनकी

बोरबाभूळ, तुमचा निकष मला पटतो, पण तो मुलांच्या बाबतीत अपुरा आहे. दहा वर्षांच्या मुलाला कॅमेरा कोणाच्या बाजूने आहे ते कळेलच असे नाही. त्याला शब्द तेवढा लक्षात राहतो आणि तो दुसऱ्या दिवशी शाळेत कोणाला तरी लागतो.

न्यायवाचक

सोनकी यांचा मुद्दा ध्यानात घेऊन कृष्णधवल यांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी एक व्यावहारिक माहिती देतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन उपवर्ग झाले आहेत. त्याखालच्या वयाच्या मुलांनी तो चित्रपट पाहावा की नाही, हे पालकांनी ठरवायचे असते. नव्या चित्रपटांसाठी याचा उपयोग होईल. जुन्या चित्रपटांवरील 'यू' हे मात्र त्या काळच्या समितीचे मत समजावे, यापलीकडे त्याला अर्थ देऊ नये. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात कपातींची नोंद असते, तीही निवडीपूर्वी जरूर पाहावी.

कृष्णधवल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मंडळाची बैठक झाली आणि हे सर्व प्रतिसाद तिथे वाचून दाखवले.

दोन गोष्टी ठरल्या. चित्रपटाच्या सूचनाफलकावर यापुढे प्रमाणपत्राबरोबर भाषेविषयीही स्पष्ट लिहायचे: शिव्या आहेत का, त्या साधारण कोणत्या प्रकारच्या आहेत, जात, रंग किंवा व्यंग यांवरून हिणवणारे प्रसंग आहेत का, आणि मुलांना आणायचे की नाही. दाखवताना मात्र आवाज बंद करायचा नाही. यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी लगेच विचारले की हे सर्व आधी पाहून लिहायचे कोणी. ते काम त्यांनी आणि त्या विद्यार्थिनीने मिळून करावे असे ठरले, आणि दोघांनीही ते स्वीकारले.

पुढच्या महिन्यात 'फँड्री' दाखवत आहोत. 'ओंकारा' त्यानंतर, रात्रीच्या वेळी, फक्त प्रौढ सदस्यांसाठी. विनोदी चित्रपटांविषयी मात्र एकमत झालेले नाही. ज्येष्ठांच्या तरुणपणाचा तो आनंद आहे आणि त्यांच्याकडून तो हिरावून घ्यावा असे मला वाटत नाही, परंतु आमच्या सभासदांत तोतरेपणा असलेला एक मुलगा आहे आणि त्या दिवशी तो मध्यंतरातच उठून गेला होता, हे बैठकीत त्याच्या मित्राने सांगितल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. तो प्रश्न आम्ही त्या मुलाला विचारल्याशिवाय सोडवणार नाही, एवढे ठरले आहे. दिव्यांग प्रेक्षकांबरोबर जुने चित्रपट दाखवून चर्चा घडवण्याचा अनुभव कोणाला असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे.